हिरड्यांतलं रक्त

नळीत लाळ गोळा करायची आहे असं सांगितलं, तेव्हा तेजस्विनीला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच खोलीत शिरलो.

पिंपरीतल्या मोठ्या दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीचा तो दिवस होता. वजन, बीपी, रक्त, लघवी हे सगळं तिला पाठ होतं. काट्यावर उभं राहिलं की सिस्टर आकडा मोठ्यानं सांगणार आणि रांगेतल्या चार बायका वळून बघणार, हेही तिला पाठ होतं. आजचा आकडा चौऱ्याण्णव होता. पण काट्यावरून उतरल्यावर सिस्टरनं तिला बाकावर न बसवता शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे नेहा नावाची एक तरुण डॉक्टर बसली होती. ती दातांचं पुढचं शिक्षण घेत होती आणि गरोदर बायकांच्या लाळेवर तिचा प्रबंध चालला होता.

"ताई, सुई नाही, काही नाही. मान खाली घालून बसायचं. गिळायचं नाही, बोलायचं नाही. तोंडात जमेल तेवढी लाळ या नळीत सोडायची. पाच मिनिटं."

तेजस्विनी मान खाली घालून बसली. पोटामुळे नीट वाकताही येत नव्हतं. समोरच्या खुर्चीवर एक सडपातळ मुलगी हेच करत होती आणि तिची नळी भराभर भरत होती. तेजस्विनीच्या तोंडात काही येईचना. तिनं जीभ हलवून पाहिली, गाल आत ओढून पाहिले. पाच मिनिटं झाली तेव्हा नळीच्या तळाशी जेमतेम नखभर लाळ होती. तीही चिकट, तार धरणारी, आणि तिच्यात एक तांबूस रेघ.

नेहानं नळी उजेडात धरली, वहीत काही लिहिलं आणि विचारलं, "घास कोरडा लागतो का?"

"हो. पाण्याबरोबर उतरवावा लागतो."

"बोलताना जीभ टाळूला चिकटते?"

तेजस्विनी चपापली. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती. चाकणच्या कंपनीत ती गाड्यांचे सुटे भाग तपासायची. दिवसभर तोंडाला मास्क, वर पंख्याचा वारा. तिला वाटायचं, त्यानंच कोरड पडते. म्हणून ती खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायची आणि शिफ्टभर एकामागून एक चघळायची.

"ब्रश करताना रक्त?"

"येतं थोडंसं."

हे खोटं होतं. गेले तीन महिने ती आधी नळ सोडायची आणि मग थुंकायची, म्हणजे बघायला नको. उशीच्या अभ्र्यावर एकदा तांबूस डाग पडला होता, तो तिनं नवरा उठायच्या आत धुऊन टाकला होता. तोंडाला वास येतो हे तिचं तिलाच कळत होतं, त्यामुळे रणजीतशी बोलताना ती हात आडवा धरायची. त्याला वाटायचं, बायको नाराज आहे.

"पण असं सगळ्यांनाच होतं ना या दिवसांत?" तिनं विचारलं.

"थोडी सूज बऱ्याच जणींना येते. तुमच्या हिरड्या मात्र त्याच्या पुढे गेल्यात असं वाटतंय." नेहा जपून बोलत होती. "कसं आहे ताई, वजन जास्त असलं की शरीरातच बारीक सूज राहते. त्यात हिरड्यांचा आजार आला की दोन्हींच्या खुणा लाळेत दिसतात. लाळ कमी येते, घट्ट होते. लाळ कमी म्हणजे तोंड धुतलं जात नाही, जंतू वाढतात, हिरड्या आणखी सुजतात. आमच्या तपासण्यांत तरी असं दिसतंय. अभ्यास अजून पुरा व्हायचाय. तुम्ही आत साधना मॅडमना दाखवून घ्या. आजच."

साधना मॅडम दातांच्या मोठ्या डॉक्टर. वयानं पन्नाशीच्या, बोलणं तुटक पण प्रेमाचं. त्यांनी तेजस्विनीला खुर्चीवर डाव्या कुशीला थोडं कलवून झोपवलं, पाठीखाली उशी दिली, आणि खुणा कोरलेली एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालत एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. नेहा लिहून घेत होती.

"तीन. तीन. चार. पाच. पाच, रक्त. सहा."

तेजस्विनीचे डोळे छताकडे होते. आठ वर्षं ती हेच काम करत होती. भाग उचलायचा, मापाचा गेज लावायचा, मर्यादेत आहे का बघायचं, नसला तर लाल पेटीत टाकायचा. मॅडमनी मर्यादा सांगितली नव्हती, पण त्यांच्या आवाजावरून तिला ती कळली. तीनपर्यंत चालतं. त्याच्या पुढचं चालत नाही. आणि चालत नाही असे आकडे थांबतच नव्हते.

"कितवा आठवडा?" मॅडमनी हातमोजे काढत विचारलं.

"बाविसावा."

"पहिलं मूल?"

तेजस्विनी उठून बसली. "दुसरं. पहिलं तिसाव्या आठवड्यात झालं. मुलगा होता. नऊ दिवस काचेच्या पेटीत होता."

मॅडमनी वहीतले आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, "हिरड्यांचा आजार तुम्हाला आधीपासून असणार. दोन-तीन वर्षं तरी. आता तो साफ करून घेऊ. चौथा ते सहावा महिना त्याला चांगला. एकेक बाजू बधिर करून साफ करू, तीन-चार वेळा यावं लागेल. गोड गोळ्या बंद. थोडं थोडं पाणी दिवसभर. आणि वजनासाठी उपास-तापास अजिबात करायचे नाहीत आता. वेळेवर खायचं, रोज चालायचं."

"हे नाही केलं तर बाळाला काही?"

"ज्या बायकांच्या हिरड्या फार बिघडलेल्या असतात, त्यांची बाळं दिवसांआधी होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. थोडं. घाबरवायला सांगत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते."

तेजस्विनी बाहेर आली आणि थेरगावची बस येईपर्यंत थांब्यावर उभी राहिली. दोन-तीन वर्षं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणजे तो मुलगा पोटात होता तेव्हाही. तेव्हाही रक्त यायचं. तिला नीट आठवत होतं, कारण तिनं ते सासूला सांगितलं होतं. आणि सासू म्हणाली होती, "येतं गं. समद्यांनाच येतं. मीठ लाव." तिनं मीठ लावलं होतं आणि विसरून गेली होती. दोन बसा आल्या आणि गेल्या, तरी ती तिथेच उभी होती.

रणजीतचं घराणं थेरगावचं जुनं. डांगे चौकामागे एकेकाळी त्यांची बाजरी डुलायची. आता तिथे इमारती होत्या आणि घरच्यांकडे खाली भाड्यानं दिलेल्या चार खोल्या आणि वर राहायचं घर एवढंच उरलं होतं. रणजीतचा टेम्पो चाकणच्या एका कंपनीत लागलेला होता. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात सासूचा, शालनबाईंचा शब्द चालायचा, आणि त्या वाईट नव्हत्या. पहिलं बाळ गेल्यावर महिनाभर त्यांनी सुनेला चुलीपुढे येऊ दिलं नव्हतं. रोज डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, पुढ्यात बसून खाऊ घालायच्या. तेजस्विनी रडायची नाही, खायची. वर्षभरात तिचं वजन अठरा किलोंनी वाढलं.

संध्याकाळी शालनबाई मेथी निवडत बसल्या होत्या. रणजीत नुकताच आला होता. तेजस्विनीनं डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, फक्त पहिल्या बाळाचं सोडून.

"सुई? तोंडात?" शालनबाईंचे हात थांबले. "पोटुशी बाईच्या? न्हाई. दात-बित काय ते बाळंतपन झाल्यावर बघू. आमी चार लेकरं काढली, कुनाचं दात घासायला डाक्टर न्हाई आला."

"आई, ही साधी साफसफाई आहे. सुई फक्त त्या जागेपुरती."

"त्या सुईनं पोटाला कळ लागली तर? येकदा झालंय आपल्या घरात. तुला काय इसरायला झालं का?"

रणजीत म्हणाला, "तेजू, नंतर करता येईल का, विचार ना त्यांना. चार महिन्यांचाच प्रश्न आहे."

"नाही करता येणार."

"का पण?"

तिनं ते बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण तोंड कोरडं पडलं होतं, जीभ जड झाली होती आणि शब्द आपोआप बाहेर आले. "कारण गेल्या वेळीही माझ्या हिरड्यांतून असंच रक्त यायचं. मी सांगितलं होतं. तेव्हा दाखवलं असतं तर."

पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. शालनबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग मेथीकडे.

"म्हंजी माझ्यामुळं गेलं म्हन की," त्या हळू म्हणाल्या.

"मी असं नाही म्हटलं, आई."

"न्हाई म्हटलंस. पर मला आलंय ऐकू." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकाच टोपलीत गेली. त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं उरलं.

पहिल्या साफसफाईला तेजस्विनी एकटी गेली. अर्धी सुट्टी टाकली, रणजीतला फक्त फोनवर कळवलं. त्यानं "बरं" म्हटलं आणि थोडं थांबून, "जपून जा," असं म्हटलं. सुई टोचली तेव्हा तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते. मग नुसती खरखर, पाणी, आणि बेसिनमध्ये पडणारं रक्त. या वेळी तिनं ते पाहिलं. मॅडमनी दातांच्या मुळांशी चिकटलेला दगडासारखा काळपट थर काढून तिला कापसावर दाखवला.

खरी भीती घरी आल्यावर सुरू झाली. दुपारी एकनंतर बाळ हललं नाही. एरवी जेवणानंतर ते लाथा मारायचं. ती डाव्या कुशीवर झोपली, पाणी प्यायली, पोटावर हात ठेवून वाट पाहत राहिली. दोन वाजले, अडीच वाजले. शालनबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना हाक मारावी असं तिला दहादा वाटलं, आणि दहाही वेळा तिनं ओठ दाबून धरले. सुईनं झालं असेल तर हे घर आपल्याला कधी माफ करणार नाही. आपण तरी करू का? तीन वाजून वीस मिनिटांनी डाव्या बाजूला आतून टिचकी मारल्यासारखं झालं. मग परत एकदा. ती तशीच पडून राहिली आणि डोळ्यांतलं पाणी कानात जाऊ दिलं.

दारात शालनबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. "हललं का?" त्यांनी विचारलं.

"हललं."

त्या आत गेल्या.

उरलेल्या तीन फेऱ्याही तिनं केल्या. सव्विसावा आठवडा संपला तेव्हा ब्रश जवळजवळ पांढरा निघायला लागला होता. खिशातल्या गोळ्या बंद झाल्या होत्या, त्यांच्या जागी पाण्याची बाटली आली होती. रोज संध्याकाळी ती डांगे चौकापासून पुलापर्यंत चालत जायची. पण जसजसा तिसावा आठवडा जवळ येत गेला तसतशी ती आतून आखडत गेली. कॅलेंडर बघायचं नाही असं ठरवायची, आणि सकाळी डोळे उघडताच पहिला विचार त्या आकड्याचाच यायचा. पाठ दुखली तरी कळ वाटायची, गॅस झाला तरी कळ वाटायची.

एकोणतिसाव्या आठवड्यातल्या मंगळवारी खरोखरच कळ आली.

कंपनीची बस सकाळी मोशीच्या पुढे गर्दीत अडकली होती. चालत्या बसमध्ये लघवीला जायला लागू नये म्हणून तिनं आदल्या दिवसापासून पाणी कमी प्यायलं होतं. बसमध्ये घामानं अंग चिकट झालं होतं. पोट एकदम दगडासारखं घट्ट झालं आणि सुटलं. दहा मिनिटांनी पुन्हा. शेजारी बसलेल्या कस्तुरानं, तिच्याच लाइनवरच्या मैत्रिणीनं, तिचा चेहरा पाहिला आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. रणजीतचा टेम्पो चाकणलाच माल उतरवायला उभा होता. तो एका मित्राची गाडी घेऊन उलट्या दिशेनं आला. तासाभरानं ती पिंपरीच्या दवाखान्यात खाटेवर होती, पोटाला पट्टा बांधलेला, मशीनमधून बाळाच्या ठोक्यांचा आवाज.

तिला तोच आवाज आठवत होता. दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हाही ठोके चांगलेच होते.

बाळंतपणाच्या डॉक्टरांनी तपासलं. गर्भपिशवीचं तोंड बंद होतं. लघवीत जंतू होते, अंगात पाणी कमी पडलं होतं. सलाइन लावलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, आणि तीन दिवस इथेच राहायचं असं सांगितलं. "कळा थांबतील बहुतेक," त्या म्हणाल्या. बहुतेक हा शब्द तेजस्विनीच्या कानात अडकून बसला.

दुपारी शालनबाई आल्या. हातात डबा होता. त्या खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिल्या.

"तेजू," त्या म्हणाल्या. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. "मला येक सांगायचंय. रणजीतच्या आधी मला येक झालं हुतं. पोरगी. सातव्या म्हयन्यात. घरात कुनी तिचं नाव बी काढलं न्हाई कधी. माझ्या सासूनं सांगितलं, तू उन्हात वझं उचललंस म्हनून गेली. मी आजवर तेच धरून बसलीय. वझं न उचलून जमनार हुतं का तवा? आन तू त्या दिशी बोललीस, मला वाटलं, आता तू मला तसंच धरशील. जन्मभर."

तेजस्विनीनं सलाइन नसलेला हात पुढे केला. शालनबाईंनी तो धरला नाही, त्याच्यावर नुसता आपला हात ठेवला.

"त्यांना इचार," त्या म्हणाल्या. "त्या दाताच्या बाईस्नी. माझ्यादेखत इचार. खरं काय ते कळू दे दोघींना."

चौकशी करायला साधना मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात आल्या, सोबत नेहा होती. तेजस्विनीनं विचारलं. सरळ, काही न लपवता, सासूनं सांगितलेल्या मिठासकट. गेल्या वेळी हिरड्या दाखवल्या असत्या तर तो वाचला असता का.

मॅडम स्टुलावर बसल्या. "याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. हिरड्या हे एक कारण असेल, नसेलही. वजन असेल, लघवीतले जंतू असतील, किंवा यातलं काहीच नसेल. इतकी बाळं दिवसांआधी होतात आणि निम्म्यांचं कारण सापडत नाही. आजी, तुमचाही दोष नाही. मीठ लाव म्हणालात, ते त्या वेळी तुम्हाला जे माहीत होतं ते सांगितलंत."

"आन आता साफ केलंय, तर हे टिकंल ना?" शालनबाईंनी विचारलं.

"तेही मी लिहून देणार नाही. साफ केलं ते तिच्या तोंडासाठी. दुखू नये, नीट खाता यावं, दात राहावेत म्हणून. बाळाला त्याचा फायदा झाला तर चांगलंच आहे."

शालनबाईंनी मान हलवली. त्यांना याहून काही ठाम हवं होतं, ते मिळालं नव्हतं. पण मॅडम गेल्यावर त्या म्हणाल्या, "खोटं न्हाई बोलली बाई." आणि डब्याचं झाकण उघडून मऊ भात कालवायला घेतला.

कळा त्याच संध्याकाळी थांबल्या. शुक्रवारी घरी सोडलं. कंपनीत रजा टाकली. तिसावा आठवडा सुरू झाला त्या दिवशी घरात कुणीच त्याबद्दल बोललं नाही. रणजीत कामावर गेला नाही, टेम्पो बिघडलाय म्हणाला. शालनबाईंनी दुपारचं जेवण पुढ्यात वाढलं आणि पहिल्यासारखा तुपाचा आग्रह केला नाही. "पोटाला लागंल तेवढंच खा," म्हणाल्या. तेजस्विनी सबंध दिवस ताठ बसून होती. दिवस गेला. मग आठवडा गेला. भीती गेली नाही, पण रोज थोडी मागे सरकत राहिली.

सदतिसाव्या आठवड्यात, रविवारी सकाळी साडेदहाला, मुलगी झाली. दोन किलो चारशे. वजन जरा कमी आहे, पण काचेत ठेवायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. तेजस्विनीनं हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, आणि सिस्टर आल्यावर तिलाही पुन्हा विचारलं.

रणजीत दारात उभा राहून मुलीकडे बघत होता, आत यायला धजत नव्हता. शालनबाईंनी त्याला बाजूला केलं, पदरानं हात पुसले आणि बाळाला उचललं.

"श्वास बघा आई," तेजस्विनी म्हणाली. "नीट घेतेय ना?"

"घेतीय."

"अजून बघा."

शालनबाईंनी बाळाच्या छातीजवळ कान नेला आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. बाळानं तोंड वाकडं केलं आणि बारीक आवाजात रडायला सुरुवात केली.

"भूक लागलीय तिला," शालनबाई म्हणाल्या. "घे."

तेजस्विनीनं हात पुढे केले.